आमचं टॉय डिपार्टमेंट

लांबलचक गाडीत किस्से घडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. चौघं जण चार कोपऱ्यांत ऐसपैस बसतात, एसी लावतात आणि मुक्कामाला पोचतात. संपलं! लहान गाडीत तसं नाही. याचा गुडघा त्याच्या बरगडीत, तिची पर्स याच्या मांडीवर, मागचा बोलला की पुढच्याच्या कानात वारा. गाडी हलायच्या आधीच काहीतरी घडून गेलेलं असतं. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. मग एखाद्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ करून आणायच्या पार्टीला, हातात पेपर प्लेट धरून कुणीतरी म्हणतं, "सुनंदा, ते तुझ्या वडिलांचं सांग ना!" की झालं. एकातून दुसरा निघतो आणि माझ्या प्लेटमधला मसालेभात गार होतो.

आधी थोडी ओळख करून देते. ऐंशीच्या दशकात आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला, ट्रॉयमध्ये राहत होतो. मी इंजिनिअर. आमची कंपनी गाड्यांचा आतला भाग डिझाइन करायची. सीट, डॅशबोर्ड, डिकी वगैरे. सगळं काम अमेरिकन गाड्यांचं, म्हणजे ज्यांच्या मागच्या सीटवर साखरपुडा उरकता येईल अशा गाड्यांचं! मग वरच्या साहेबांच्या कानावर आलं की युरोपात लहान गाड्या धडाधड खपतायत. तिथल्या लोकांना त्या एवढ्या का आवडतात ते शोधून काढा आणि तसल्या गाड्यांचा आतला भाग करून दाखवा, असा हुकूम सुटला. त्यासाठी आमचा एक छोटा ग्रुप केला. बिल्डिंगमधले बाकीचे लोक आम्हाला 'टॉय डिपार्टमेंट' म्हणायचे.

ग्रुपचा बॉस वॉल्ट. टेक्सासचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच आणि आवाज त्याहून मोठा. मार्टिना जर्मनीतल्या कोलोनची. युरोपियन गिऱ्हाइकाची नस ओळखते म्हणून तिला काही वर्षांसाठी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिसरे आमचे पांढरीपांडे, मूळचे नागपूरचे, माझ्याहून बरेच मोठे. एवढं आडनाव अमेरिकनांच्या जिभेवर राहीना, म्हणून त्यांचं 'पँडी' झालं होतं. माझी झाली होती 'सू'. आणि युरोपातून बोटीने मागवलेल्या काही छोट्या गाड्या. त्यातली लाल इटालियन गाडी सगळ्यात छोटी आणि सगळ्यात वात्रट!

*

ही लाल गाडी आली त्याच आठवड्यात चोरीला गेली.

लंचनंतर पांढरीपांडे ती घेऊन चक्कर मारणार होते. पार्किंगमध्ये गेले तर जागा मोकळी. ते धावत वर आले. "वॉल्ट, कार इज गॉन!"

वॉल्टने सिक्युरिटीला फोन लावला. पलीकडून वर्णन विचारलं असावं, कारण वॉल्ट म्हणाला, "लाल. लहान." मग पुन्हा काहीतरी विचारलं. वॉल्ट भडकलाच, "किती लहान म्हणजे? सापडली की कळेल तुला!"

आम्ही सगळं पार्किंग पालथं घातलं. पिकअप ट्रकांच्या मागे पाहिलं. पांढरीपांडे तर कचऱ्याच्या मोठ्या कंटेनरमागेसुद्धा बघून आले. शेवटी रिसेप्शनिस्टचा फोन आला. आवाज अगदी शांत. "तुमचं काहीतरी माझ्याकडे आहे."

वर्कशॉपमधल्या दांडगट पोरांनी लंच अवरमध्ये गाडी चक्क उचलून, काचेच्या मोठ्या दारातून आत आणून लॉबीत ठेवली होती! एका बाजूला कुंडीतला पाम, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांचा सोफा, मध्ये गाडी. वर पुढच्या काचेला एक सॅटिनची रिबिन.

आम्ही तिथे उभे राहून आता ही बाहेर कशी न्यायची याचा विचार करतोय, तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आमचे व्हाइस प्रेसिडेंट कॉनर साहेब पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. साहेब थांबले. गाडीभोवती एक फेरी मारली. टपावर हलकेच टिचकी मारली. आणि वॉल्टच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांसमोर म्हणाले,

"मॉडेल सुरेख झालंय. आता खरी गाडी कधी दाखवतोस?"

*

आता वडिलांचा.

आमच्या ग्रुपचा नियम होता. शुक्रवारी एकेकाने एकेक छोटी गाडी घरी न्यायची, वीकएंडची सगळी कामं तिच्यातूनच करायची आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगायचं, काय जमलं, काय जमलं नाही.

त्या शुक्रवारी माझी पाळी होती आणि नेमके शनिवारी आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येत होते. माझा नवरा अशोक आमची मोठी गाडी घेऊन क्लीव्हलँडला कॉन्फरन्सला गेलेला. म्हटलं, त्यात काय, दोन माणसं तर आणायची आहेत!

दोन माणसं बाहेर आली. त्यांच्यामागून ट्रॉली आली. ट्रॉलीच्या मागे साताऱ्याचं अर्धं किराणा दुकान! आईने पोळपाट-लाटणंसुद्धा आणलं होतं. "तिकडे गोल मिळत नाहीत म्हणे," असं तिला कुणीतरी सांगितलेलं.

डिकी एका बॅगेत भरली. दुसरी बॅग मागच्या सीटवर. तिसरी तिच्यावर. पुढे आई, मांडीवर लोणच्याची बरणी, कारण "मागे ठेवली तर तेल सांडेल गं." मी स्टिअरिंगवर. आणि बाहेर सूट-टाय घालून, छत्री घेऊन बाबा उभे.

मग बाबांना आत घातलं, तर एक बॅग बाहेर राहिली. बॅग आत घातली, तर बाबा बाहेर! मागून टॅक्सीवाले हॉर्न मारतायत. आई आतून ओरडतेय, "अगं, त्या बॅगेत पापड आहेत, आडवी नको घालूस!"

बॅग काही एअरपोर्टवर बेवारस सोडता येत नाही. माणूस सोडता येतो. बाबाच म्हणाले, "तू जा हिला घेऊन. एसटी स्टँडवर बसतो तसा बसतो मी."

घरी जाऊन आईला उतरवलं आणि जीव मुठीत धरून परत आले. परका देश, पहिलाच दिवस, म्हातारा माणूस, रडवेलीच झाले होते मी. बघते तर बाबा एका पोलिश आजोबांच्या शेजारी बाकावर बसून त्यांना नातीचे फोटो दाखवतायत. आजोबा पोलिशमध्ये बोलतायत, बाबा मराठीत. दोघंही खूश! मला बघून बाबा म्हणाले, "एवढ्यात आलीस?"

सोमवारी मीटिंगमध्ये वॉल्टने विचारलं, "सू, काय मावलं नाही?"

मी म्हटलं, "वडील."

वॉल्टने पेन खाली ठेवलं. मार्टिना गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "उंची किती?"

*

वॉल्ट आयुष्यात पहिल्यांदा युरोपला गेला तो याच कामासाठी. मार्टिना बरोबर होती, तिच्याकडूनच ही हकिगत कळली. वॉल्टला विचारलं की तो नुसता लाल व्हायचा.

इटलीत उतरल्यावर गाडी भाड्याने घ्यायची होती. मार्टिना म्हणाली, लहान घेऊ. वॉल्ट म्हणाला, "दिवसभर लहान गाड्यांचाच अभ्यास करायचाय ना? मग निदान जाता-येता तरी पाय लांब करून बसू दे!" आणि त्याने तिथली सगळ्यात मोठी गाडी घेतली.

डोंगरावरच्या एका जुन्या गावात लहान गाडी वापरणाऱ्या कुटुंबांना भेटायचं होतं. गावाच्या वेशीशी मार्टिना खाली उतरली. "मी चालत येते. तू इथेच लाव गाडी." वॉल्ट म्हणाला, "टेक्सासमध्ये चालत फक्त गायी जातात!" आणि निघाला वर.

पहिली गल्ली झाली. दुसरी जरा अरुंद. तिसरीत दोन्हीकडचे आरसे भिंतींना टेकले आणि गाडी थांबली. पुढे जाता येईना. मागे घ्यायला गेला, तर मागे तोवर तीन-चार लहान गाड्या येऊन उभ्या, सगळ्यांचे हॉर्न चालू. दारं उघडायला जागा नाही. साडेसहा फुटी माणूस सीलबंद डब्यातल्या माशासारखा आत!

गाव गोळा झालं. वरच्या खिडक्यांतून बायका सल्ले द्यायला लागल्या. वॉल्टला इटालियनचा एक शब्द येत नाही. तो खिडकीची काच खाली करून "थँक यू, थँक यू" करत राहिला. मागच्या गाड्या निघायच्या आतच जेवायची वेळ झाली. इटलीत जेवायच्या वेळेला कुणी गाडी काढत नाही! तर शेजारच्या घरातल्या बाईंनी काय केलं, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी वॉल्टच्या खिडकीला लागूनच होती. त्यांनी तिथूनच एक ताट आत दिलं. पास्ता, ब्रेड, चीज. वर ग्लासात वाइन. मार्टिना चालत पोचली तेव्हा वॉल्ट गळ्याला नॅपकिन बांधून दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

परत आल्यावर ऑफिसच्या फळ्यावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला प्रश्न वॉल्टने पुसून टाकला. 'युरोपियनांना लहान गाड्या का आवडतात?' असा तो प्रश्न होता. त्याच्या जागी त्याने लिहिलं,

'युरोपियनांचं माहीत नाही. त्यांच्या भिंतींना आवडतात.'

*

पांढरीपांडे गाडी फार शिस्तीत चालवायचे. एवढ्या शिस्तीत की हायवेवर ट्रकवाले त्यांना हात करून जायचे. एकदा ते लाल गाडीतून ॲन आर्बरकडे चालले होते, तर मागे पोलिसाचे दिवे लुकलुकले.

त्यांनी गाडी कडेला घेतली. काच खाली केली. लायसन्स काढलं. भला दांडगा स्टेट ट्रूपर खिडकीशी वाकला.

"ऑफिसर, मी स्पीडमध्ये होतो का?"

"नो सर."

"लाइट गेलाय का?"

"नो सर. मला फक्त विचारायचं होतं, हे आहे तरी काय?"

पांढरीपांडे खूश! त्यांनी तिथेच सगळी माहिती दिली. इंजिन कुठे, सीट कशी सरकते, युरोपात लोक चौघंचौघं बसून सुट्टीला कसे जातात. ट्रूपरने विचारलं, "मी बसून बघू?"

"व्हाय नॉट!"

ट्रूपर टोपी काढून आत बसला. अंग चोरून, मान वाकवून बसला एकदाचा. स्टिअरिंग धरलं, हसला, मान डोलावली. पण उतरायला गेला तर उतरता येईना! कमरेच्या पट्ट्याला लटकवलेल्या बेड्या, टॉर्च, पिस्तूल, त्यातलं काहीतरी सीटबेल्टच्या खटक्यात अडकलं होतं. जितका ओढतोय तितकं घट्ट होतंय. पांढरीपांडे ओव्हरकोट घालून, कमरेवर हात ठेवून बाहेर उभे आणि वाकून त्याला सांगतायत, "रिलॅक्स! टेक अ डीप ब्रेथ!"

एवढ्यात दुसरी पोलिसांची गाडी मागे येऊन थांबली. त्यातून एक तरुण ट्रूपर उतरला. त्याने पाहिलं. ओव्हरकोटातले रुबाबदार गृहस्थ बाहेर उभे, आणि खेळण्यातल्या गाडीत घामाघूम झालेला आपलाच माणूस. तो पांढरीपांड्यांकडे आला, जरा अदबीने उभा राहिला आणि हळूच म्हणाला,

"सर, याने काय केलंय?"

पांढरीपांडे म्हणाले, "चौकशी चालू आहे."

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत हं.

माझी मुलगी केतकी तेव्हा मिडल स्कूलमध्ये होती. शाळेत ती 'केट'. पुढे पुढे आम्ही गाड्या आठवडाभर घरी ठेवायला लागलो होतो. ज्या आठवड्यात लहान गाडी माझ्याकडे असायची त्या आठवड्यात ती मला कोपऱ्यावर थांबायला लावायची. "आई, ड्रॉप मी हिअर. प्लीज." शाळेच्या दारात मैत्रिणींच्या आयांच्या लांबलचक स्टेशन वॅगन्स उभ्या असायच्या. मी म्हणायचे, "अगं, थंडी आहे, दारापर्यंत सोडते." ती म्हणायची, "आय लाइक वॉकिंग." बर्फातून? मला कळायचं. ती शाळेच्या दारातून आत जाईपर्यंत मी कोपऱ्यावरच गाडी उभी ठेवायचे. आपण रात्रंदिवस ज्याच्यावर काम करतो त्याची आपल्या लेकीला लाज वाटते!

त्या वर्षी हिवाळ्यात तिच्या शाळेच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. केतकी चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा पैलवान भाऊ. तिला पहिल्यांदाच एकटीने वाजवायचा तुकडा मिळालेला. महिनाभर घरात तेच सूर. आणि नेमकं त्या दिवशी दुपारपासून बर्फ सुरू झालं. संध्याकाळी निघायच्या वेळेला शाळेतून फोन आला. ऑर्केस्ट्राच्या टीचर, मिसेस ओलसन, टेकडीवर राहायच्या. त्यांची मोठी वॅगन ड्राइव्ह-वेमध्येच फिरून आडवी झाली होती. दोन पालक त्यांना आणायला गेले, तर त्यांच्या गाड्याही चढावर घसरून परत आल्या. टीचर नाहीत तर कार्यक्रम कॅन्सल.

केतकी फोनशेजारी उभी होती. रडली नाही, नुसती कोट घालून उभी राहिली. आमची मोठी गाडी अशोककडे, युनिव्हर्सिटीत अडकलेली. दारात होती ती लाल गाडी.

मी म्हटलं, "चल. बघू तरी."

चेलो मागच्या सीटवर आडवा घातला. वजनाला हलकी, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर, त्यामुळे तिचं बर्फात बरं चालतं हे कामामुळे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पोटची पोर शेजारी बसवून तो चढ चढणं वेगळं. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला हात— म्हणजे पायच म्हणा, न लावता, हळूहळू निघालो. कडेला मोठमोठ्या गाड्या आडव्यातिडव्या उभ्या होत्या. त्यांच्यामधून आमची ती लाल मुंगी वाट काढत वर गेली. केतकीने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता, जणू तीच गाडी ओढतेय.

मिसेस ओलसन लांब काळ्या ड्रेसवर बर्फाचे बूट घालून दारातच उभ्या होत्या. मागे चेलोला कवटाळून बसल्या. खाली उतरताना म्हणाल्या, "काय गोड गाडी आहे! कुणाची?"

मी बोलणार, त्याआधीच शेजारून आवाज आला.

"इट्स माय मॉम्स. शी वर्क्स ऑन देम."

शाळेपाशी पोचल्यावर मी सवयीने कोपऱ्यावर गाडी हळू केली. केतकी म्हणाली, "आई, व्हाय आर यू स्टॉपिंग? दारापर्यंत जा ना!"

दारापर्यंत हे तिने मराठीत म्हटलं होतं.

*

दरवर्षी थंडी संपत आली की अफवा उठायची, टॉय डिपार्टमेंट बंद होणार. एका वर्षी अफवा नव्हती, खरंच होतं. कॉनर साहेबांनी शेवटचं प्रेझेंटेशन मागितलं. आमच्या सगळ्यांचीच नोकरी टांगणीला लागलेली. पांढरीपांड्यांचा मुलगा त्याच वर्षी कॉलेजला गेला होता, त्यामुळे ते आठवडाभर जेवत नव्हते.

वॉल्टने जीव तोडून सांगितलं. तिकडे पेट्रोल महाग, रस्ते अरुंद, पार्किंगला जागा नाही. कॉनर साहेब खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे बिचाऱ्यांचा नाइलाज आहे. उद्या सुबत्ता आली की तेही आपल्यासारख्या गाड्या घेतील. मग आपण कशाला वेळ घालवतोय?"

मार्टिना उठली.

"मिस्टर कॉनर, आज सकाळी तुम्ही ऑफिसला कसे आलात?"

"गाडीने."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"मागच्या सीटवर?"

"कोणी नाही."

"डिकीत?"

साहेब जरा घुटमळले. "गोल्फचं सामान."

बाहेर गुडघाभर बर्फ!

मार्टिना म्हणाली, "आमच्याकडे माणूस ऑफिसला निघाला की ऑफिसला जातो. घर बदलायला निघत नाही."

मी डोळे मिटून घेतले. आता संपलं. मग एक विचित्र आवाज आला. कॉनर साहेब हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ग्रुप वाचला. दाराबाहेर आल्यावर पांढरीपांड्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "काय बाई आहे बाप्पा! ही कोलोनची कशी काय, ही तर आमच्या नागपूरच्या महालातली वाटून राहिली!"

*

हीच मार्टिना परत जायला निघाली तेव्हा आम्ही सेंड-ऑफ दिला. पांढरीपांडे काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. वॉल्टने एक खेळण्यातली लाल गाडी भेट दिली. मग कुणीतरी विचारलं, "जाताना इथून काय नेतेस?"

मार्टिना म्हणाली, "बाहेर या, दाखवते."

बाहेर फिकट निळ्या रंगाची, उघड्या टपाची एक जुनी अमेरिकन गाडी उभी होती. एवढी लांब की पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत चालत जाताना गप्पांचा विषय बदलावा!

वॉल्ट पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत चालत जाऊन आला. "ही कोलोनला? तुझ्या गल्लीत वळेल?"

"नाही."

"घरासमोर उभी राहील?"

"नाही."

"पेट्रोल?"

"बोलू नकोस."

"मग का?"

मार्टिनाने दार उघडलं, आत बसली, पाय लांब केले. म्हणाली, "वॉल्ट, मी आल्यापासून आपण जगातल्या सगळ्या माणसांना विचारलं, तुम्हाला कुठली गाडी आवडते. मला कुणी विचारलं का?"

नाताळात तिचं कार्ड आलं, सोबत फोटो. गाडीचा पुढचा भाग गॅरेजच्या आत, मागचा रस्त्यावर. आणि मागच्या टोकाला तिने एक लाल फडकं बांधलं होतं, लांब वासे नेणाऱ्या ट्रकला बांधतात तसं!

*

आता एकच सांगते. हा मार्टिना जायच्या आधीचा, मधल्या काळातला.

युरोपियन गिऱ्हाइकांना गाड्यांत बसवून त्यांचं मत घ्यायचं होतं. पण एवढी माणसं विमानाने कुठून आणणार? वॉल्टने युक्ती काढली. आपल्याच आसपास युरोपातून येऊन राहिलेले कितीतरी लोक आहेत, त्यांना बोलवा. एका शनिवारी मोठ्या हॉलमध्ये काही लांब अमेरिकन गाड्या आणि काही छोट्या युरोपियन गाड्या मांडल्या. लोकांनी बसायचं, बघायचं, बोलायचं. त्यांना बसवणं आणि प्रश्न विचारणं हे माझं काम.

दुपारी आल्डो आणि रोझा म्हणून एक इटालियन जोडपं आलं. साठीच्या पुढचे. तरुणपणी तुरीनहून, म्हणजे आमच्या लाल गाडीच्याच गावाहून आले, इथेच मुलंबाळं झाली, ती मोठी होऊन पांगली. नवरा आधी आला, मग जरा वेळाने बायको. मला वाटलं, ती पार्किंगमध्ये मागे राहिली असेल. तर नाही, दोघं आपापली लांब गाडी घेऊन आले होते, त्यांची काळी, तिची तपकिरी!

थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की ते एकमेकांशी बोलत नाहीयेत. आल्डो माझ्या उजवीकडे, रोझा डावीकडे. ती मला म्हणायची, "त्यांना सांग, दार हळू लावा." मी वळून सांगायचे. ते म्हणायचे, "तिला सांग, मला दार लावता येतं." मी परत वळायचे. मान दुखायला लागली माझी.

मोठ्या गाडीत ते पुढे बसले, ती मागच्या टोकाला बसली. "कशी आहे?" "आरामशीर," दोघंही म्हणाले. वेगवेगळं.

मग लाल गाडी. तिच्या मागच्या सीटवर आम्ही मापासाठी खोकी भरून ठेवली होती, त्यामुळे दोघांनाही पुढेच बसावं लागणार होतं. रोझाने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आल्डोंनी छताकडे पाहिलं. मी म्हटलं, "प्लीज. दोनच मिनिटं."

बसले. दारं लावली. खांद्याला खांदा लागला. तिने तोंड तिच्या खिडकीकडे केलं, त्यांनी त्यांच्या. मी बाहेर कागद-पेन घेऊन उभी.

आल्डोंनी सवयीने गिअरच्या दांड्याला हात घातला. तिथे रोझाचा गुडघा होता. ते काहीतरी बोलले. मला नाही, तिला. तिने काहीतरी उत्तर दिलं, चांगलंच तिखट. मग त्यांचा आवाज चढला. तिचा त्याहून. इटालियन माणूस हातांनी बोलतो आणि त्या गाडीत चार हातांना जागा नाही. तिचा हात त्यांच्या चष्म्याला लागला, त्यांचं कोपर हॉर्नवर पडलं. सगळा हॉल वळून बघायला लागला. मी दार उघडायला पुढे झाले, आणि थांबले. कारण आत एकदम शांतता झाली होती.

रोझा पुढे वाकून डॅशबोर्डवरून बोट फिरवत होती. हळूहळू, जसं एखादी ओळखीची गोष्ट अंधारात चाचपावी तसं. मग ती काहीतरी म्हणाली, एकच वाक्य. आल्डोंनी चष्मा काढला. आणि मग ती हसायला लागली. आधी बारीक, मग गदागदा. ते पण. गाडी हलायला लागली!

रांगेतले लोक घड्याळ बघायला लागले. वॉल्ट तरातरा माझ्याकडे आला. "सू, किती वेळ?" मग त्याने काचेतून आत पाहिलं. क्षणभर उभा राहिला आणि मागे वळून रांगेला म्हणाला, "फोक्स, ही गाडी जरा बंद आहे. तुम्ही पलीकडची बघा."

बऱ्याच वेळाने ते दोघं बाहेर आले. रोझाच्या केसांतली पिन निघाली होती. आल्डोंचे डोळे लाल. मी कामाचा प्रश्न विचारला, "तुम्ही अशी गाडी विकत घ्याल?"

"नो!" दोघंही एकदमच म्हणाले.

"का बरं?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा हसू फुटलं. रोझाने माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, "यू आर यंग." आणि गेले.

संध्याकाळी हॉल आवरून, दिवे मालवून आम्ही बाहेर पडलो. सगळे गेले होते. पार्किंगच्या एका टोकाला एक लांब तपकिरी गाडी तेवढी उभी होती. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "कुणाची आहे? टो करायला सांगू?"

वॉल्ट म्हणाला, "राहू दे."

सोमवारी सकाळी आम्ही कामावर आलो, तेव्हाही ती तिथेच होती.